उन्हाळ्यात गाय पान्हा चोरत नाही

एप्रिल लागला की आमच्या सांगोल्याकडे गोठ्यागोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येते, "गाय चोरायला लागली." सकाळच्या धारेला ११ लिटर देणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आठ-साडेआठवर येते, संध्याकाळची सातवरून पाचवर. आई कोमट पाण्याने कास धुते, चोळते, वासरू ढुशा देऊन दमतं, तरी बादली भरत नाही. मग दोष जातो पेंडेच्या पोत्यावर, मुरघासावर, नाहीतर कुणाच्या तरी नजरेवर. काही ठिकाणी तर सरळ पान्हा सोडवायचं इंजेक्शन टोचलं जातं.

पान्हा चोरणं म्हणजे कासेत दूध आहे, पण गाय ते सोडत नाही. उन्हाळ्यात घडतं ते वेगळंच. कासेत दूध तयारच कमी होतं. जे नाहीच ते गाय चोरणार कुठून, आणि इंजेक्शनने उतरणार तरी काय? त्या इंजेक्शनाचा असा वापर कायद्यात बसत नाही आणि जनावराच्या अंगालाही सोसत नाही. दूध कमी का तयार होतं हे एकदा नीट कळलं, की काय करायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत हे बरंचसं आपोआप उमजतं. म्हणून जरा मुळापासून सांगते.

गाईच्या अंगाचं तापमान ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिच्या कोटीपोटात शंभर-दीडशे लिटरचा चारा-पाण्याचा ऐवज सतत आंबत असतो आणि आंबताना उष्णता सोडतो. शेणखताच्या ताज्या ढिगात हात घातला तर चटका बसतो, तसलंच काम तिच्या पोटात चोवीस तास चालू असतं. त्यात दूध तयार करण्याची उष्णता वेगळी. दूध आटलेल्या गाईशी तुलना केली तर दिवसाला १८ लिटरच्या आसपास दूध देणाऱ्या गाईच्या अंगात साधारण २७ टक्के जास्त उष्णता तयार होते, आणि ३१ लिटरच्या गाईच्या अंगात ४८ टक्के. म्हणजे आपल्या गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय हीच आतून सगळ्यात जास्त तापलेली असते. दावणीच्या सहा गाईंत पहिला फटका तिलाच बसतो तो याच कारणाने. ती नाजूक आहे म्हणून नव्हे.

ही उष्णता तिला बाहेर टाकावी लागते. हवा गार असेल तर अंगावरून ती सहज निघून जाते. एचएफ गाईला ५ ते २५ अंशांचं हवामान मानवतं. पण हवाच ३८-४० अंशांवर गेली की अंग आणि हवा सारखीच तापलेली, मग उष्णता जाणार कुठे? तेव्हा एकच वाट उरते, अंगावरचं आणि श्वासातलं पाणी वाळण्याची. माठातलं पाणी जसं पाझरून, वाळून गार होतं तसं. गाईला घाम येतो, पण माणसाच्या मानाने फार कमी. म्हणून ती धापा टाकते.

आणि इथे आर्द्रता आडवी येते. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम वाळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ नुसतं तापमान बघत नाहीत. तापमान आणि आर्द्रता मिळून एक आकडा काढतात, त्याला टीएचआय म्हणतात. जालन्याला दुपारी ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा येतो ८२.५. चिपळूणला ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तरी आकडा तितकाच येतो. माणसाला जालन्याचं ऊन भयंकर वाटतं आणि चिपळूणची दुपार नुसती चिकचिकीत, पण गाईच्या अंगाचा हिशेब दोन्हीकडे जवळपास एकच.

पूर्वी ७२ पर्यंतचा आकडा ठीक मानत. आता जास्त दुधाच्या गाईंसाठी ही हद्द ६८ धरतात. आणि ६८ कधी होतो माहितेय? २२ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला. आपल्याला पंखा लावावासाही वाटत नाही अशा हवेत चांगल्या दुधाची गाय कुरकुरायला लागलेली असते. पाऊस ओसरल्यावरची ऑक्टोबरची उकाड्याची हवा तर बहुतेकांच्या हिशेबातच नसते. ३४ अंश आणि निम्मी आर्द्रता असलेल्या त्या दुपारी आकडा ८३ च्या वर जातो. "उन्हाळा संपला, पाणी झालं, चारा हिरवागार आहे, मग दूध का वाढत नाही?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

आता अंगात काय होतं ते बघू. सगळ्यांना दिसणारी गोष्ट म्हणजे गाय खात नाही. गव्हाणीत कडबा तसाच पडून राहतो. यात तिचा शहाणपणा आहे. चारा कमी खाल्ला की पोटातली आंच कमी. "वैरण खाईना म्हणून दूध कमी" हे आमच्या अण्णांचं म्हणणं त्यामुळे खोटं नाही. पण ते अपुरं आहे, आणि हे अपुरेपणच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात यावर एक साधा पण फार हुशार प्रयोग झाला. काही गाई गरम खोलीत ठेवल्या, काही गार खोलीत. गरम खोलीतल्या गाई जेवढं खात तेवढंच मोजून गार खोलीतल्यांना दिलं. दोन्हीकडचं खाणं सारखंच कमी, फरक फक्त उष्णतेचा. चारा तोडल्यामुळे गार खोलीतल्यांचंही दूध घटलं, पण गरम खोलीतल्यांचं कितीतरी जास्त घटलं. अशा प्रयोगांचा हिशेब सांगतो की उन्हाळ्यातल्या घटीपैकी जेमतेम एक तृतीयांश ते निम्मा भागच कमी खाण्याचा आहे. उरलेली घट थेट उष्णतेची.

ती कशी? दुधातली साखर रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. एक लिटर दुधाला साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे २० लिटरच्या गाईला रोज जवळपास दीड किलो. ही साखर कासेत आपल्याबरोबर पाणी ओढून आणते आणि दुधाचं माप त्यावर ठरतं. साखर कमी तर पाणी कमी, पाणी कमी तर लिटर कमी. गार हवेत ताज्या व्यालेल्या गाईला खुराक कमी पडला तर ती अंगावरची चरबी झिजवून गरज भागवते आणि ग्लुकोज कासेसाठी राखते. हाडं वर येतात, पण बादली भरते. उन्हाळ्यात नेमकं हेच तिला करता येत नाही. तिच्या रक्तात इन्शुलिन वाढतं, चरबी सुटत नाही आणि शरीर स्वतःसाठीच ग्लुकोज जाळत राहतं. कासेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. शिवाय एक लिटर दुधासाठी कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं, आणि उष्णता बाहेर टाकायला तेच रक्त कातडीकडे वळवलेलं असतं.

म्हणून उन्हाळ्यात दूध घटलं की पेंड वाढवायची, ही आपली सवय फारशी कामाला येत नाही. उलट बाधते. गाय धापा टाकते तेव्हा कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचा तोल सांभाळायला शरीर सोडा लघवीवाटे टाकून देतं, आणि तोंडातली लाळ जमिनीवर गळत राहते. हाच लाळेतला सोडा एरवी कोटीपोटातली आम्लता मारतो. तो कमी पडलेला असताना वरून पेंड आणि भरडा वाढवला, तर पोट आंबट होतं, रवंथ कमी होतं आणि फॅट खाली येते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर बांधलेला असताना डेअरीवर मग दोन्हीकडून मार बसतो, लिटरही कमी आणि दरही कमी. खुराकातून दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम खाण्याचा सोडा, मीठ आणि खनिज मिश्रण देतात ते याचसाठी. गाईच्या घामातून पोटॅशियम बरंच जातं, तेही भरून काढावं लागतं. नेमकं प्रमाण आपल्या पशुवैद्यकाला गाय दाखवून ठरवावं.

खाण्याची वेळही बदलावी. चारा खाल्ल्यावर तीन-चार तासांनी पोटातली आंच वाढते. सकाळी नऊला भरपेट वैरण टाकली तर आतली आणि बाहेरची भट्टी एकदम दुपारी पेटते. पहाटे पाचला आणि रात्री उन्हं गेल्यावर मोठा वाटा, दुपारी थोडा हिरवा मका किंवा नेपियर, एवढ्या बदलाने आमच्याकडे गव्हाणीतला उष्टा चारा निम्म्यावर आला. खर्च काहीच नाही, फक्त झोप मोडावी लागते.

एका मे महिन्यातली रात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. साडेनऊ वाजले होते, अंगणात बाजा टाकलेल्या, वारं सुटलेलं. मी सहज गोठ्यात गेले तर आमची तांबडी उभीच. बाकीच्याही कुणी बसलेल्या नाहीत हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. मोबाइलवर अर्धा मिनिट लावून तिची डावी भकाळी किती वेळा वरखाली होते ते मोजलं. ३८ भरले, म्हणजे मिनिटाला ७६. मिनिटाला ६० च्या वर श्वास गेले की गाय उष्णतेच्या ताणात आहे असं समजतात. हात वर केला तर पत्रा अजून गरम, दिवसभराचं ऊन तो रात्री गाईंच्या पाठीवर सोडत होता. आम्ही बाहेर वाऱ्यावर आणि त्या आत तव्याखाली.

त्या रात्रीपासून मी दुपारचं तापमान विचारायचं सोडलं आणि रात्रीचे श्वास मोजायला लागले. कारण गाईच्या अंगाचं तापमान सूर्य कलल्यावरही चढत राहतं, संध्याकाळी ते सगळ्यात वर असतं. रात्री तीन ते सहा तास हवा २१ अंशांच्या खाली आली तर दिवसाचा ताप ती बराचसा उतरवू शकते. आली नाही तर कालचं ओझं आजवर चढतं. दुधाची घटही लगेच दिसत नाही, सगळ्यात मोठी घट दोन दिवसांनी बादलीत उतरते. सोमवारी हवा तापली, बुधवारी दूध घटलं आणि आपण मंगळवारी उघडलेल्या पेंडेच्या पोत्याला दोष देतो.

आणि ती उभी का होती? उभं राहिल्यावर चारी बाजूंनी वारा लागतो. पण गाय बसते तेव्हा कासेकडे रक्त जास्त जातं आणि रवंथही चांगलं होतं. ते तास गेले. रात्रंदिवस उभं राहिल्याने खुरांवर भार येतो तो वेगळाच. उन्हाळ्याच्या शेवटी गाई लंगडायला लागतात त्यामागे हेही असतं.

आता गाय गार कशी करायची. यात सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोठा गार करायच्या नादात गाय तशीच राहते. बादलीने अंगावर पाणी ओतून मोकळं होणं हीदेखील तशीच चूक. एक लिटर पाणी अंगावरून वाळलं तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. तेच पाणी अंगावरून नुसतं ओघळून खाली गेलं तर फार तर दहा-पंधरा किलोकॅलरी. काम भिजवण्याने होत नाही, वाळवण्याने होतं. म्हणून पाणी आणि वारा यांची जोडी लागते.

ही रीत इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात बसवली गेली. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच कडक, तरी तिथल्या होल्स्टीन गाईंचं सरासरी वार्षिक दूध ११ हजार लिटरच्या पुढे आहे. त्यांची पद्धत अशी, अर्धा मिनिट पाण्याचा फवारा, मग साडेचार मिनिटं नुसता जोराचा पंखा. पुन्हा फवारा, पुन्हा पंखा, असं अर्धा-पाऊण तास, आणि दिवसातून पाच वेळा. फवाऱ्याचे थेंब मोठे हवेत, म्हणजे केसांतून आत जाऊन कातडी भिजते. अगदी बारीक धुक्याचे थेंब केसांवरच बसतात आणि ओलसर पांघरूण तयार होतं, मग आतली उष्णता उलट कोंडते. पाठ भिजावी, पण पाणी ओघळून कासेवर जाऊ नये, नाहीतर कासदाहाला निमंत्रण. पंखा किती लांब पुरतो याचा अंदाज सोपा आहे, पात्यांच्या व्यासाच्या साधारण दहापट. तीन फुटी पंखा तीसेक फुटांपर्यंत.

फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे, आणि ओल्या पोत्यांचे पडदे कोरड्या हवेत, म्हणजे आमच्याकडे, जालन्याला, विदर्भात चांगले चालतात. कोकणात किंवा पावसाळी उकाड्यात तेच लावले तर गोठ्यातली आर्द्रता वाढून गाईची उरलीसुरली वाटही बंद होते. तिथे पंख्यावर पैसा घालावा. एकाच उपायाची जाहिरात साऱ्या महाराष्ट्रात फिरते, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पत्र्यावर उसाचं पाचट अंथरणं, वरून चुना मारणं, छप्पर बारा-चौदा फूट उंच ठेवणं, भिंती काढून टाकणं हे सगळं चांगलंच. पण कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीची सर पत्र्याला कधीच येत नाही. मुक्त संचार गोठ्यात गाय स्वतःच गार जागा शोधते, दावणीला बांधलेल्या गाईला ती मुभा नाही.

पाण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण दुधात ८७ टक्के पाणी असतं आणि सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे. भर उन्हाळ्यात दुभती एचएफ गाय दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी पिऊ शकते. आपण तिला तीनदा बादली दाखवतो आणि "प्यायली नाही" म्हणतो. आमच्या गोठ्याची काळी टाकी उन्हात होती. एकदा दुपारी नळ सोडून हाताने पाहिलं, तर पाइपातलं पहिलं पाणी चहासारखं. ते कोण पिईल? टाकीवर पाचटाचं छप्पर घातलं, पाइप जमिनीत पुरला, आणि दिवसरात्र पाणी गाईपुढे राहील असा हौद बांधला. धार काढून झाल्याबरोबर गाय सगळ्यात जास्त पिते, तेव्हा हौद भरलेला हवाच.

जातीचा मुद्दा निघाला की लोक दोन तट करतात. देशी गाय उन्हाला टिकते हे खरं आहे. गीर, साहिवाल, आपली खिल्लार, देवणी यांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि जास्त, केस आखूड आणि तुकतुकीत, गळ्याची पोळी लोंबती. पण ती दूध कमी देते, म्हणून तिच्या अंगात उष्णताही कमी तयार होते, हेही तितकंच खरं. कर्जावर गोठा उभा केलेल्या माणसाला "एचएफ विका, देशी घ्या" सांगणं मला पटत नाही. मधली वाट शोधण्याचं काम आपल्याकडे फार आधी सुरू झालं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था उभी केली आणि संकरीकरण शेतकऱ्याच्या दारी नेलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी ही संकरित गाय तयार केली, तिच्यात निम्मं रक्त एचएफचं, पाव जर्सीचं आणि पाव गीरचं. ब्राझीलने आपल्याकडून नेलेली गीर आणि होल्स्टीन मिळून गिरोलांडो जात बांधली, तीत पाच अष्टमांश होल्स्टीन आणि तीन अष्टमांश गीर. गाय भरवायला वळूचं रेत निवडताना लिटरच्या आकड्याबरोबर आपल्या तालुक्याचं ऊनही विचारात घ्यायला हवं. एचएफचं रक्त पिढ्यान् पिढ्या वाढवत गेलो तर गोठ्याचा खर्चही त्याच चढणीने वाढतो.

गाभण राहण्याचंही तसंच. उन्हाळ्यात माज मुका राहतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही, भरवलेली गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि बीजांड आधीच तापलेलं असल्याने पाऊस पडून हवा गार झाली तरी महिना-दोन महिने त्याचा परिणाम राहतो. शक्य तेवढ्या गाई डिसेंबर ते फेब्रुवारीत भरल्या तर त्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात वेतात. दुधाचा जोर थंडीत येतो, आणि आटलेला काळ मे महिन्यात सापडत नाही.

हा आटलेला काळच आपण सगळ्यात जास्त दुर्लक्षित ठेवतो. वेण्याआधीचे दोन महिने गाय दूध देत नाही, म्हणून तिला गोठ्याच्या मागच्या टोकाला, सगळ्यात तापणाऱ्या पत्र्याखाली बांधतात. आमच्याकडेही तेच होतं. पण याच दोन महिन्यांत कासेतल्या जुन्या पेशी जाऊन नव्या तयार होत असतात. फ्लोरिडातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं पाहिलं, की या काळात गार ठेवलेल्या गाई पुढच्या वेतात दिवसाला चार-पाच लिटरपर्यंत जास्त दूध देतात. वेल्यानंतर गार ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या अशा दोघींना सारखंच गार ठेवलं तरी फरक भरून निघत नाही. आणि पोटातल्या कालवडीलाही उष्णता लागते. ती कमी वजनाची जन्मते आणि पुढे मोठी होऊन स्वतः दुभती झाल्यावरही तिचं दूध कमीच राहतं. एका उन्हाळ्याचं नुकसान असं दोन पिढ्यांच्या बादलीत उतरतं.

यंदा मार्चमध्ये मी आमच्या दोन आटलेल्या गाई पंख्याखालच्या जागेवर आणल्या. अण्णा म्हणाले, "दूध देईनात त्यांना वारा, आणि दुभत्या उन्हात व्हय?" मी म्हटलं, दुभत्याही पंख्याखालीच आहेत अण्णा, थोड्या सरकवल्यात. पण ह्यांची पुढच्या वेताची कास आत्ताच तयार होतेय, आणि पोटातली कालवडही हेच ऊन सोसतेय. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी धारेला गेले तर मागच्या पत्र्याखाली राहिलेल्या तिसऱ्या गाभण गाईचं दावं त्यांनी स्वतःच सोडून पंख्यापाशी बांधलं होतं.